छपरावर कोणी चढायचं

मधल्या भिंतीतलं लहान दार गेल्या जुम्यापासून उघडलं नव्हतं.

बिल्कीसला दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी थापताना, कपडे पिळताना, अगदी कुराणशरीफ उघडून बसली तरी तिचे कान त्या दाराकडे लागलेले. पलीकडून बांगड्या किणकिणायच्या, मुली हसायच्या, कॉफी कुटल्याचा ठणठण आवाज यायचा. म्हणजे माणसं घरातच होती. कोणी आजारी नव्हतं, कोणी बाहेरगावी गेलं नव्हतं. फक्त कडी पलीकडून लागलेली होती.

दार ते केवढं? बाईमाणसानं वाकून जावं एवढंच. पुरुषांनी त्यातून जायचंच नाही. या घरच्या बाईला त्या घरी जायचं तर रस्त्यावर पाऊल टाकावं लागू नये, म्हणून ठेवलेलं. कुवेतजवळच्या फिंतास गावात जुन्या घरांना अशी दारं असायची. हे घर तर मुळात एकच होतं. मालक म्हणजे म्हातारे नाखवा, त्यांनी मधे भिंत घालून अर्धं भावाला दिलं होतं. भाऊ शहरात नव्या वस्तीत राहायला गेला आणि ते अर्धं घर नूरुद्दीन आणि बिल्कीसला भाड्यानं मिळालं. ही गोष्ट एकोणीसशे साठ सालच्या उन्हाळ्यातली.

नूरुद्दीन मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत फिटर होता. तिथल्या कँपात नुसते पुरुष राहायचे, एका खोलीत दाटीवाटीनं. बायको आणायची तर स्वतंत्र घर हवं, आणि आपल्या माणसाला घर देणार कोण? नाखवांनी दिलं. पूर्वी ते खजूर भरलेलं गलबत घेऊन मुंबईला आणि खाली मलबारपर्यंत जात. वाटेत पाणी भरायला रत्नागिरी बंदरात थांबत. त्यामुळे मुंबईची हिंदी त्यांच्या तोंडात बसलेली. नूरुद्दीन दाभोळ खाडीकाठचा आहे हे कळल्यावर ते म्हणाले होते, “तू तो दर्या का आदमी. तेरे को घर देता.” बिल्कीसला आणायच्या कागदपत्रांवरही त्यांनीच आपली जबान दिली होती.

एवढा सगळा आधार त्या एका माणसाचा. आणि त्याच्या घरचं दार बंद.

“माझं काहीतरी चुकलं,” ती नूरुद्दीनला म्हणाली.

“तुझं काय चुकणार? दिवसभर घरात तर असतेस.”

“मग दार का लावलं त्यांनी?”

“वाऱ्यानं लागलं असेल.”

“वाऱ्यानं कडी लागते होय? काय बोलता!”

“अगो, बायकांचं आपसात असतं काहीतरी. उघडतील. तू नको त्याचा डोक्याला ताप करून घेऊ.” असं म्हणून तो हात धुऊन आडवा झाला. लगेच घोरायलाही लागला. बिल्कीसला त्याच्या या झोपेचा हेवाही वाटायचा आणि रागही यायचा.

ती मनातल्या मनात मागचं सगळं उकरून काढत बसली. पहिल्या दिवशी उम्म जासिम, म्हणजे नाखवांची बायको, त्या दारातून वाकून आत आली होती हरिसाची बशी घेऊन. गहू आणि मांस घोटून केलेलं, वर तूप. भाषा येत नव्हती तरी बिल्कीसच्या पोटाकडे बोट दाखवून तिनं आकाशाकडे हात उचलले होते. तेव्हा कुठे तिसरा महिना होता. मग बशा जायच्या यायच्या. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून बिल्कीस कधी घावन द्यायची, कधी नारळ मिळाला तर खोबऱ्याच्या वड्या. मग चूक झाली कुठे? मागच्या खेपेला माशाच्या कालवणात तिखट जास्त पडलं होतं का? की सुक्या मासळीचा वास त्यांना सोसेना? वर गच्चीवर ती मासे खारवून वाळत घालायची. कोकणातून येणारी सुकी मासळी महाग, आणि इथला समुद्र तर दारात. उन्हाचं म्हणाल तर कोकणातलं मे महिन्यातलं ऊन इथं सकाळी सातलाच पडायचं.

वास असेल. वासच असेल, असं तिनं ठरवलं. मग वाटलं, पण त्यांच्या घरातही मासे वाळतात की. मग वास नाही. मग काय?

आणि सोमवारी नूरुद्दीन मशिदीतून घरी आला तो चपला न काढताच ओटीवर बसला.

“नाखवांनी मला जुम्याच्या नमाजानंतर दिवानियात बोलवलंय,” तो म्हणाला. दिवानिया म्हणजे त्यांची पुरुषांची बैठक.

“कशाला?”

“‘बात करने का है,’ एवढंच म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.”

“आणि त्यांचा मुलगा, जासिम?”

“तो बाजूलाच उभा होता. मी सलाम केला, त्यानं घेतला नाही.”

बिल्कीसच्या हातातलं पाण्याचं भांडं हातातच राहिलं. सलाम केला आणि घेतला नाही! त्या रात्री तोही घोरला नाही. दोघं अंगणात बाजांवर पडून राहिली. सगळं फिंतास उन्हाळ्यात गच्च्यांवर झोपायचं, ही दोघं मात्र खाली अंगणात. बिल्कीसला सातवा महिना होता, आणि गच्चीचा जिना म्हणजे भिंतीतून काढलेल्या अरुंद पायऱ्या, बाजूला धरायला काही नाही.

पायऱ्यांची तिला धास्ती होती आणि ती उगीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी गावी असताना ती विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली होती आणि पोटातलं पहिलं मूल गेलं होतं. तेव्हा नूरुद्दीन इथं होता. त्याला महिन्यानं कळलं. म्हणून तर या खेपेला त्यानं हट्टानं तिला आपल्याजवळ आणलं होतं. आता हे घर गेलं तर तो कँपात जाईल आणि तिला आगबोटीत बसवून परत पाठवावं लागेल. आणि त्या बोटीवरच्या हलत्या शिड्या, ती डेकवरची गर्दी... तिनं डोळे मिटून दरूद पढायला सुरुवात केली, पण मध्येच शब्द चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

बुधवारी महबूब आणि त्याची बायको फखरुन्निसा आली. महबूब नूरुद्दीनच्याच खात्यात होता. फखरुन्निसा इथं सगळ्यांत जुनी. मुरुडकडची, अंगानं भरलेली, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला वेळ द्यायची नाही. तिच्यासमोर बिल्कीसनं सगळं सांगितलं आणि पदरानं नाक पुसलं.

“कालवणानं कोणी दार लावत नाही गो,” फखरुन्निसा म्हणाली. “आणि घर सोडा म्हणून सांगायला वासाचं निमित्त पुरत नाही. दुसरं काहीतरी झालंय. महबूब सांगत होता, तू म्हावरं वर वाळवतेस?”

“हो, गच्चीवर.”

“एवढं पोट घेऊन चढतेस?”

“छे छे! मी कशाला चढते? हे चढतात ना. सकाळी वाळत घालतात, संध्याकाळी कामावरून आले की काढून आणतात.”

फखरुन्निसाचा चहाचा कप ओठाशीच थांबला. “कोण चढतं?”

“हे.”

“नूरुद्दीन? संध्याकाळी? वर?”

“वारा बरा असतो वर,” नूरुद्दीन म्हणाला. “एखादी बिडीपण होते निवांत.”

“निवांत!” फखरुन्निसानं कप खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. “या खुदा! आणि अंगावर काय असतं निवांत बसताना?”

नूरुद्दीननं आपल्या लुंगी-बनियनकडे पाहिलं. “हेच. का?”

महबूब तिकडे तोंड करून खोकायला लागला.

“अरे बाबा, इथं गच्ची बायकांची असते!” फखरुन्निसा म्हणाली. “संध्याकाळ झाली की मुली वर केस वाळवतात, बिछाने घालतात, डोक्यावरची ओढणी काढून मोकळ्या बसतात. घरच्या मर्दालासुद्धा वर जायचं तर खालून मोठ्यानं ‘या अल्लाह’ म्हणून हाक द्यावी लागते, मग बायका सावरतात, मग तो चढतो. आणि हा परका पुरुष, लुंगी नेसून, बिडी ओढत!”

“पण वर कोणी नसतं भाबी!” नूरुद्दीन उठूनच उभा राहिला. “कुराणाची शपथ, मी कधी कोणाला बघितलं नाही. नुसते कपडे हलत असतात दोरीवर.”

“तू दिसलास की पळून जातात, म्हणून नसतं कोणी! आणि मधली भिंत केवढी आहे?”

नूरुद्दीननं हात कमरेशी धरला. भावाभावांची गच्ची, भिंत उंच घालणार कोण? सगळेच घरचे. पुढे भाडेकरू ठेवला तेव्हाही नाखवांना काही सांगावंसं वाटलं नाही. वर बाईच येणार, हे सांगायची गोष्ट आहे का?

बिल्कीस भिंतीला टेकली. तिला आता सगळं एकदम दिसलं, आणि दिसलं ते सगळं तिच्याच पायाशी येऊन थांबत होतं. नूरुद्दीनला वर पाठवायची ती. कोकणात उतरत्या कौलांवर बाई कधी चढत नाही. पावसाआधी कौलं परतायची असोत की माडाच्या झावळीनं फुटलेलं कौल बदलायचं असो, चढायचं ते पुरुषानं. बाईनं खाली उभं राहून “सांभाळून हो!” म्हणायचं. तीच रीत घेऊन ती इथं आली होती. छपराचं काम म्हणजे पुरुषाचं काम. यात विचार करण्यासारखं काही असतं, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

“मी बोलतो त्यांच्याशी,” नूरुद्दीन म्हणाला. “माफी मागतो. सांगतो की मला माहीत नव्हतं.”

“काय सांगशील? की तुमच्या मुलींना मी बघितलं नाही? त्यांच्या बैठकीत, चार माणसांत मुलींचं नाव काढशील?” फखरुन्निसा म्हणाली. “तोंडातून मुलगी हा शब्द निघाला की संपलं. जासिम उठून मारेल.”

“मग भाबी, तुम्ही जाऊन उम्म जासिमला सांगा ना,” बिल्कीस म्हणाली.

“मी गेले असते गो. पण मी तिसरी. तिसऱ्या बाईनं हे तोंडावर काढलं म्हणजे गावभर झालं असं त्यांना वाटेल.”

ती दोघं गेली. नूरुद्दीननं पुन्हा वर पाऊल टाकायचं नाही अशी शपथ घेतली, आणि झोपताना बिल्कीसला म्हणाला, “तूही चढायचं नाहीस. म्हावरं सडू दे वर. ऐकतेस ना?” ती हो म्हणाली.

गुरुवारी तो कामावर गेला. बिल्कीसनं मधल्या दारावर थाप मारून पाहिली. पलीकडे मुलींचं बोलणं थांबलं. कोणी आलं नाही. तिनं पुन्हा थाप मारली, हळूच हाक मारली. पावलं लांब गेली.

रस्त्यानं जाऊन त्यांचं मोठं दार वाजवावं, तर तिथं दिवानिया, तिथं पुरुष. जासिमनंच उघडलं तर? दुपारभर ती आत-बाहेर करत राहिली. उद्या जुमा. उद्या नूरुद्दीन त्या बैठकीत मान खाली घालून बसेल आणि जे सांगायचं ते त्याला सांगता येणार नाही. सांगू शकेल अशी एकच बाई होती, आणि ती बाई संध्याकाळी वर असायची.

दुपार कलल्यावरची असरची नमाज पढून ती जिन्यापाशी आली. खालून पायऱ्या पाहिल्या. विहिरीची पायरी आठवली, ते हिरवं शेवाळ, तो पायाखालून गेलेला दगड. “या अल्लाह, मला नको, याला सांभाळ,” ती पोटावर हात ठेवून म्हणाली. चपला खाली काढल्या. एक हात भिंतीला, एक पोटाला. बिस्मिल्ला म्हणून एक पायरी. उभी राहिली. मग दुसरी. पायरी दिवसभराच्या उन्हानं तापलेली होती आणि तळवे भाजत होते, पण पटकन पाऊल उचलायची हिंमत होत नव्हती. अर्ध्यावर आल्यावर खाली पाहिलं आणि अंगण गरगरलं. आता वर जाण्यापेक्षा खाली उतरणं जास्त भीतीचं होतं. तिथूनच तिनं हाक दिली, “उम्म जासिम! मैं है! बिल्कीस!”

ती वर पोचली तेव्हा भिंतीपलीकडे तिघी मुली ओल्या केसांनी, हातातले बिछाने छातीशी धरून उभ्या होत्या, पळायच्या बेतात. उम्म जासिम पुढे होती. तिचा चेहरा दगडासारखा. बिल्कीसनं इकडेतिकडे पाहिलं. कमरेएवढी भिंत, त्यांची दोरी, त्यांचे कुडते, त्यांचं सगळं उघडं घर. या कठड्यावर बसून आपला नवरा बिडी ओढत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मेरा गलती,” ती म्हणाली. नाखवांची हिंदी त्या घरात थोडीफार सगळ्यांना कळायची. धाप लागल्यामुळे शब्द तुटत होते. “मर्द का नहीं. मैं भेजती थी. हमारे गाव में छप्पर ऐसा—” तिनं दोन्ही तळवे एकमेकांना टेकवून उतरतं कौलारू छप्पर करून दाखवलं. “औरत ऊपर नहीं. गिरता. मर्द जाता. हमको मालूम नहीं, इधर औरत का. वल्लाह, मालूम नहीं.”

धाकटी मुलगी त्या हातांच्या छपराकडे बघून हसली. आईनं तिच्याकडे पाहताच गप्प झाली.

उम्म जासिमनं आधी बिल्कीसच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग पोटाकडे. मग तिच्यामागच्या त्या उघड्या जिन्याकडे. ती काही बोलणार तेवढ्यात एका मुलीनं ओरडून पश्चिमेकडे बोट केलं. वाळवंटाच्या बाजूनं आभाळ विटेच्या रंगाचं झालं होतं आणि ती भिंत सरकत येत होती. धुळीचं वादळ, ज्याला इथं तोझ म्हणतात.

“मजनूना!” उम्म जासिम म्हणाली. वेडी आहेस का! इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द. ती म्हातारी बाई कुडता सावरून भिंत ओलांडून आली आणि तिनं बिल्कीसचं मनगट असं धरलं की पुढे दोन दिवस तिथं वळ राहिला. कमरेएवढी भिंत दोघी मुलींनी तिला अलगद बाजूंनी धरून ओलांडवली. धाकटीनं मासे गोळा केले. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून स्वतःच्याच बिछान्याच्या चादरीत बांधले. त्यांच्या बाजूचा जिना रुंद होता, त्याला कठडा होता. खाली पोचतात न पोचतात तोच धुळीनं सगळं घर अंधारून टाकलं.

खोलीत दाराच्या फटींना ओली फडकी लावून सगळ्या बसल्या. उम्म जासिमनं बिल्कीसला पाणी दिलं, तिच्या पोटावर हात ठेवून बराच वेळ डोळे मिटून बसली. आत बाळानं लाथ मारली तेव्हा तिनं डोळे उघडले आणि मान हलवली. पण त्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलली नाही. बिल्कीसला वाटलं, ती काहीतरी म्हणेल, हसेल, निदान रागवेल. काहीच नाही. धूळ बसल्यावर तिनं मधल्या दाराची कडी काढली आणि बिल्कीसला वाकून जाऊ दिलं. बिल्कीस अंगणात सरळ उभी राहते तोच मागे पुन्हा कडी लागल्याचा आवाज आला.

म्हणजे काही फिटलं नव्हतं.

संध्याकाळी नूरुद्दीन डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला घरी आला. तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो तिच्यावर ओरडला, मग जिन्यापाशी जाऊन त्या पायऱ्यांकडे बघत उभा राहिला, आणि मग तिच्या पायांना खोबरेल लावायला बसला.

जुम्याच्या दिवशी तो धुतलेला पायजमा-सदरा घालून गेला. बिल्कीस मुसल्यावर, नमाजाच्या चटईवर, बसून राहिली. पलीकडून कॉफीचा वास आला. पुरुषांचे आवाज आले, त्यात जासिमचा चढा आवाज तिनं ओळखला. मग कोणीतरी जोरात बोललं. तिनं कानांवर हात ठेवले आणि लगेच काढले, कारण न ऐकणं जास्त कठीण होतं. कपड्यांची ट्रंक कुठल्या क्रमानं भरायची, याचाही विचार तिच्या मनात होऊन गेला.

नूरुद्दीन आला. ओटीवर बसला. आज चपला काढून बसला, हे तिनं पाहिलं.

“काय म्हणाले?”

“पाणी दे आधी.”

“आधी सांगा!”

“म्हणाले, ‘मेरा लडका बोला, इसको निकालो. मैं भी निकालने वाला था. कल मेरे घर में बोली, इसका औरत सात महिने का पेट लेके ऊपर आया, माफी मांगा.’” नूरुद्दीन थांबला. “मग म्हणाले, ‘रत्नागिरी में तुम्हारा छप्पर मैंने बहुत देखा. उस पे कौन चढता, वो नहीं देखा.’ आणि हसले.”

“हसले?”

“ते हसले. जासिम नाही हसला. घर राहील म्हणाले, पण भिंत उंच करायची. माझ्या हातानं. आणि मी पुन्हा त्यांच्या परवानगीशिवाय वर दिसलो तर त्याच दिवशी सामान बाहेर.”

भिंत घालायला महबूब आला, जासिमही आला. बायका खाली, पुरुष वर. काम चाललं तोवर जासिम नूरुद्दीनशी एक शब्द बोलला नाही. वीट हवी तर महबूबकडे मागायचा. खाली बिल्कीस प्रत्येक आवाजाला दचकायची, वर हे दोघं भांडतील, कोणाच्या हातून काही पडेल. भिंत डोक्याच्या वर गेली. शेवटचा थर झाला, पुरुष हातपाय धुऊन मशिदीत गेले, आणि मग मधल्या दाराची कडी निघाली. उम्म जासिम वाकून आत आली. हातात हरिसाची बशी होती.

मुलगी झाली ती उम्म जासिमच्या मांडीवर. शहरानू हे नाव बिल्कीसच्या मनात होतं, पण उम्म जासिमनं कानात काहीतरी वेगळंच म्हटलं. म्हणून कागदावर एक नाव, घरात दुसरं. त्या नावाचीही बिल्कीसनं पुष्कळ काळजी केली, पण ती गोष्ट वेगळी.

नूरुद्दीनला त्या उन्हाळ्यानं कायमची सवय लावली. फिंतासमध्ये पुढे पुष्कळ वर्षं काढली त्यांनी, आणि वर पाण्याची टाकी बघायला परवानगी काढून जायचं असलं तरी तो जिन्याखालूनच “या अल्लाह!” असा आवाज द्यायचा की अंगणातली कबुतरं उडायची. एकदा रजेवर गावी गेला असताना पावसाआधी कौलं परतायची होती. शिडी लावली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मोठ्यानं ओरडला, “या अल्लाह!” बांधावरची पोरं हसायला लागली. शेजारचा गफूरचाचा म्हणाला, “काय रे, कुवेतला छपरावर भुतं असतात काय?”

सगळे हसले. बिल्कीस खाली उभी होती, मुलीचा हात धरून. तिनं आधी शेजारच्या घराकडे पाहिलं. त्यांचं दार उघडं होतं, चाची ओटीवर तांदूळ निवडत होती. मग तिनं वर बघून म्हटलं, “सांभाळून हो.”